पवनचक्कीचा खर्ज : अंदाज आधी, पाया नंतर

विहीर खणण्यापूर्वी पाण्याची जागा पाहावी, पेरणीपूर्वी जमिनीचा मगदूर पाहावा आणि सोयरीक जुळविण्यापूर्वी घर पाहावे, अशी आपल्या खेड्यांतील जुनी रीत आहे. जे काम एकदा केले की सहजी मोडता येत नाही, त्याचा विचार आधी करावा, हेच त्या रीतीचे सार होय. पवनचक्की हे याच जातीचे काम आहे. तिचा पाया काँक्रीटने भरला आणि खांब उभा राहिला की तो वीस-पंचवीस वर्षे तेथून हलत नाही. असे असूनही, ती चक्की जवळच्या वस्तीत रात्री किती घुमेल याचा हिशेब पाया भरण्यापूर्वी मागितला गेल्याचे माझ्या पाहण्यातील गावांत आढळले नाही. तो हिशेब आधी करता येतो, आणि म्हणून तो आधीच मागितला पाहिजे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

या विषयाकडे मी कसा वळलो ते प्रथम सांगतो. दोन वर्षांपूर्वी हरभऱ्याच्या प्रात्यक्षिकासाठी पुण्याहून सातारा जिल्ह्यातील एका पठाराखालच्या वाडीत माझा मुक्काम झाला. दिवस थंडीचे होते. कीड-रोगाची बोलणी आटोपल्यावर ज्यांच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो त्या घरच्या आजी म्हणाल्या, "सायेब, हरभऱ्याचं समद्यांनी इचारलं. माझं एक सांगा. दिसा काय बी नसतंय. रातच्याला निजलं की उशाखाली जातं घरघरल्यावानी वाटतंय. उठून चुलीपाशी आलं की थांबतंय." त्यांच्या मुलाने खुलासा केला की, तक्रार केल्यावर कोणी यंत्र घेऊन आले होते. त्यांनी दुपारी अंगणात उभे राहून आवाज मोजला, तो नियमात भरला, आणि आजींना भास होतो असा समज गावात झाला.

मी कृषी पदवीधर; ध्वनिशास्त्र हा माझा विषय नव्हे. मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. पुण्यास परतल्यावर जमेल तेवढे वाचन केले, जाणकारांना विचारले, आणि असे ध्यानात आले की आजी खरे सांगत होत्या आणि मोजणारेही खोटे बोलत नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे समजले म्हणजे या प्रश्नाचे निम्मे उत्तर हाती येते.

ढोल आणि ताशा

आवाज म्हणजे हवेचे कंपन. एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या हर्ट्झ या एककात सांगतात. कंपने अधिक असली की आवाज उंच व पातळ लागतो. कमी असली की तो खालचा, जाड, खर्जातला लागतो. माणसाचा कान साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. या लेखात खर्ज म्हणजे सुमारे १० ते १६० हर्ट्झपर्यंतचा आवाज असे समजावे.

पुण्यात गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशांची पथके असतात. पथक समोर असताना ताशाचा कडकडाट कान फोडतो. तेच पथक चार गल्ल्या पलीकडे गेले की ताशा ऐकू येईनासा होतो, ढोल मात्र घरात, दारे लावूनही जाणवतो. कारण उंच आवाज हवेत लवकर जिरतो व भिंतीने अडतो. खर्ज मात्र हवेत फारसा जिरत नाही आणि भिंतीलाही फारसा जुमानत नाही. आकड्यांत सांगायचे तर, २० अंश तापमानाच्या व ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत ४,००० हर्ट्झचा आवाज एक किलोमीटर जाताना केवळ हवेच्या शोषणाने सुमारे २३ डेसिबेल गमावतो. १२५ हर्ट्झचा आवाज अर्धा डेसिबेलसुद्धा गमावत नाही.

पवनचक्कीतही ढोल आणि ताशा दोन्ही आहेत. पात्यांच्या कडेवरून हवा सुटताना होणारा सळसळाट हा ताशा. पात्यावर आदळणाऱ्या खळबळत्या वाऱ्याचा व दंतचक्रपेटीचा घुमारा हा ढोल. याशिवाय पाते खांबासमोरून जाताना एक ठोका उमटतो. चक्की मिनिटाला २० फेरे घेत असेल तर तिची तीन पाती मिनिटाला ६० वेळा, म्हणजे सेकंदाला एकदा, खांबासमोरून जातात. सेकंदाला एक हे कंपन कानाला सूर म्हणून ऐकू येत नाही. परंतु त्या तालावर सळसळाट चढतो-उतरतो, आणि त्यामुळे सपक्-सपक् असा आवाज लागतो. हा ताल कोणालाही घड्याळ हातात धरून मोजता येतो.

चक्की जितकी मोठी तितका तिचा आवाज खर्जाकडे झुकतो. डेन्मार्कमधील आल्बोर्ग विद्यापीठाच्या मोलर आणि पेडरसन या संशोधकांनी लहान व मोठ्या चक्क्यांच्या आवाजाची तुलना करून २०११ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मोठे आहे. साताऱ्याचे वनकुसवडे व चाळकेवाडीचे पठार, सांगलीचा ढालगाव परिसर, धुळ्याच्या साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल अशा ठिकाणी गेल्या पाव शतकात पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि राज्याची पवनवीज क्षमता आता ५,००० मेगावॉटच्या वर गेली आहे. त्यांतील आरंभीच्या चक्क्या लहान होत्या. जुन्या चक्क्या काढून त्यांच्या जागी मोठ्या बसविण्यासंबंधीचे केंद्र शासनाचे धोरण डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाले आहे. म्हणजे ज्या गावांना लहान चक्कीची सवय झाली, त्यांच्या पठारावर उद्या मोठी चक्की येऊ शकेल. जुन्या चक्कीच्या अनुभवावरून नव्या चक्कीचा अंदाज बांधणे हे गावठी बियाण्याच्या अनुभवावरून संकरित वाणाचे खत ठरविण्यासारखे होईल.

मोजमापाची चाळणी

आता मोजणाऱ्यांकडे वळू. आवाज मोजण्याच्या यंत्रात बहुधा 'ए' नावाची मोजणी वापरतात. ही एक प्रकारची चाळणी आहे. माणसाचा कान खर्जाला मंद असतो, म्हणून ही मोजणी खर्जाचे वजन कमी धरते. १०० हर्ट्झच्या आवाजातून ती सुमारे १९ डेसिबेल वजा करते, ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३०, आणि २० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ५० डेसिबेल वजा करते. कारखान्याच्या किंवा वाहनाच्या आवाजासाठी ही चाळणी ठीक आहे. परंतु अंगणात 'ए' मोजणीने काढलेल्या एका आकड्यावरून घरात किती खर्ज शिरला आहे ते उमगत नाही. अंगणात सळसळाट आणि खर्ज एकत्र असतात. भिंत व दार सळसळाट गाळून घेतात. खर्ज तेवढा आत राहतो आणि निजलेल्या माणसास तोच एकटा ऐकू येतो.

त्यात खोलीचा आकारही भर घालतो. ३४ हर्ट्झच्या आवाजाची लाट सुमारे १० मीटर लांब असते. ५ मीटर लांबीच्या खोलीत तिची अर्धी लाट नेमकी बसते आणि आवाज घुमू लागतो. अशा वेळी समोरासमोरच्या दोन्ही भिंतींशी तो सर्वांत जोरकस व मध्यभागी सर्वांत क्षीण असतो. आजींचे अंथरूण भिंतीशी होते आणि चूल मधल्या अंगाला होती. "चुलीपाशी आलं की थांबतंय" या त्यांच्या म्हणण्यात भास काहीच नव्हता. ज्याला आपण भास ठरवून मोकळे झालो, ते एका म्हाताऱ्या बाईने केलेले अचूक निरीक्षण होते.

एक चक्की पास, दोन नापास

अंदाज बांधण्याची रीत अवघड नाही. चक्कीचा मूळ ध्वनी किती, हे तिचा उत्पादक आंतरराष्ट्रीय पद्धतीने मोजून देतो. त्यातून अंतराची वजाबाकी करावयाची. अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबेलने उतरतो. सारख्याच आवाजाच्या दोन चक्क्या सारख्या अंतरावर असल्या की ३ डेसिबेल वाढतात. दहा असल्या की १० डेसिबेल वाढतात.

समजा, एका मोठ्या चक्कीचा मूळ ध्वनी 'ए' मोजणीने १०५ डेसिबेल आहे. हवेचे शोषण व जमिनीचा परिणाम बाजूस ठेवून ढोबळ हिशेब केला, तर ५०० मीटरवर तो ४३ डेसिबेल आणि १,००० मीटरवर ३७ डेसिबेल येतो. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. त्यांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. म्हणजे ५०० मीटरवरची एक चक्की काठावर पास होते. त्याच अंतरावर दुसरी तशीच चक्की आली की बेरीज ४६ होते व दोघी मिळून नापास होतात.

केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत, आवाजाच्या कारणास्तव कोणत्याही राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत चक्की उभारू नये असे सांगितले आहे. ही सूचना चांगली आहे, तथापि वरील हिशेबावरून दिसेल की ती पुरेशी नाही. ती अंतर सांगते, संख्या सांगत नाही. पठाराच्या कडेने ओळीने आठ चक्क्या असतील, तर प्रत्येक चक्की नियम पाळत असूनही वाडीला त्यांची बेरीज ऐकावी लागते. सबब, अंदाज एका चक्कीचा न मागता सर्व चक्क्यांचा मिळून मागावा.

आणखी एक उणीव आहे. आवाजाच्या प्रसाराचा अंदाज बांधण्यासाठी जगभर १९९६ ची एक आंतरराष्ट्रीय रीत वापरीत आले आहेत. तिचे कोष्टक ६३ हर्ट्झच्या पट्ट्यापासून वर जाते. त्याखालचा खर्ज तिच्या हिशेबात येतच नाही. शिवाय तिची अचूकता जमिनीपासून ३० मीटर उंचीपर्यंतच्या आवाजासाठी व एक किलोमीटर अंतरापर्यंतच सांगितलेली होती, आणि आजच्या चक्कीचा माथा त्याहून कितीतरी उंच असतो. सह्याद्रीतील दऱ्यांचा तर विचारच निराळा आहे. ब्रिटनमधील ध्वनिशास्त्र संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शिकेत, दरी ओलांडून येणाऱ्या आवाजाच्या अंदाजात ३ डेसिबेल वाढवून धरावे असे सुचविले आहे. आपल्याकडे चक्की पठारावर आणि वाडी दरीत अशीच बहुधा रचना असते.

रात्रीची हवा

अंदाज चुकण्याचे सर्वांत मोठे कारण मात्र रात्रीची हवा हे आहे, आणि ही गोष्ट शेतकऱ्यास समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. सायंकाळी खळ्यावर उफणणीला वारा मिळेनासा होतो, त्याच वेळी डोंगरावरची चक्की मात्र फिरत असते, हे दृश्य पठाराखालच्या गावांत सर्वांनी पाहिलेले आहे. सूर्य मावळल्यावर जमीन निवते, तिच्यालगतची हवा जड होऊन खाली बसते आणि वरचा वारा तिच्यावरून घसरत निघून जातो. खाली पान हालत नाही, वर वारा भरपूर असतो.

हॉलंडच्या सीमेलगत ऱ्हेडे येथील पवनचक्क्यांचा अभ्यास करून व्हॅन डेन बर्ग यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की, रात्री माथ्यावरचा वारा अपेक्षेच्या २.६ पटींपर्यंत अधिक असू शकतो. जमिनीजवळचा वारा सारखाच असतानाही दिवसाच्या मानाने रात्रीचा आवाज १५ डेसिबेलपर्यंत वाढलेला त्यांना आढळला. जमिनीजवळ मोजलेल्या वाऱ्यावरून बांधलेला अंदाज तेथे सपशेल चुकला होता.

रात्रीच्या हवेच्या अभ्यासात पुण्याचा वाटा मोठा आहे. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले, आणि १९३२ मध्ये येथे डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामानशास्त्राचे काम सुरू झाले. निरभ्र, निवांत रात्री सर्वांत थंड हवा मातीला अगदी चिकटून नसते, तर तिच्या थोडी वर असते, हे रामदास व आत्मनाथन यांनी १९३२ मध्ये नोंदविले. तो थर आजही रामदासांच्या नावाने ओळखला जातो. त्या थराच्या वर मात्र हवा उंचीबरोबर उबदार होत जाते. द्राक्षबागाईतदार पहाटे बागेत धूर करतात तेव्हा तो वर न जाता आडवा पसरतो, त्याचे कारण हेच.

आवाजही त्या धुराप्रमाणेच खाली राहतो. उबदार हवेत आवाज अधिक वेगाने जातो. बैलगाडीचे एक चाक जोराने व दुसरे सावकाश चालले तर गाडी सावकाश चाकाकडे वळते. त्याच न्यायाने वरच्या उबदार हवेतील आवाजाची लाट खालच्या थंड हवेकडे, म्हणजे वस्तीकडे, वळते. डिसेंबरच्या पहाटे दूरच्या रेल्वेची शिटी पुण्यात जशी स्पष्ट ऐकू येते तशी दुपारी येत नाही, हा अनुभव सर्वांचा आहे. पावसाळ्यात वारा जोराचा असतो व चक्क्याही जोरात फिरतात. परंतु पावसाचा व झाडांचा आवाज त्यांचा आवाज झाकून टाकतो. हिवाळ्यातील निवांत रात्री चक्की फिरती राहिली तर झाकणारे काहीच नसते. म्हणून दुपारच्या मोजणीवरून रात्रीचा निर्णय करणे म्हणजे वैशाखातील विहिरीची पातळी श्रावणात मोजण्यासारखे आहे.

भीती आणि वस्तुस्थिती

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खर्जाबद्दल बोलताना पुष्कळदा कानाला न ऐकू येणाऱ्या, २० हर्ट्झखालच्या कंपनांची भीती घातली जाते. त्यांनी नाना रोग होतात असे सांगितले जाते. या भीतीची कसोटी घेतली गेली आहे. फिनलंडमधील २०२० च्या अभ्यासात, तसेच ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असा परिणाम आढळला नाही. सिडनीच्या प्रयोगात आवाजाचा त्रास वाटणाऱ्या ३७ निरोगी प्रौढांना ७२ तास तशा कंपनांत ठेवले होते. त्यांच्या झोपेवर वा प्रकृतीवर परिणाम दिसला नाही. तेव्हा न ऐकू येणाऱ्या कंपनांचा बागुलबुवा कोणी उभा करू नये.

ऐकू येणारा खर्ज ही मात्र निराळी बाब आहे. तो रोग नव्हे, तरी त्याने माणूस त्रासतो, आणि दिवसभर रानात राबलेल्या माणसाची रात्र कोणी हिरावून घ्यावी हे योग्य नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पवनचक्क्यांच्या आवाजासाठी स्वतंत्र शिफारस केली आहे.

खरी माहिती आधी न दिल्याने काय होते, याचा धडा आपण एकदा घेतलेला आहे. २००० नंतरच्या दुष्काळी वर्षांत सातारा-सांगलीकडे, पवनचक्क्या ढग पळवितात म्हणून पाऊस पडत नाही, अशी समजूत जोरात पसरली होती. जेथे एकही चक्की नव्हती तेथेही त्या वर्षांत पाऊस रुसला होता, हे कोणी शांतपणे सांगेपर्यंत गावोगाव मने कलुषित झाली होती. जेथे माहिती पोचत नाही तेथे अफवा पोचते. खर्जाच्या बाबतीत तसे होऊ द्यावयाचे नसेल, तर खरे आकडे गावापुढे आधी आले पाहिजेत.

इतरांनी केलेली सोय

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील बून गावाजवळच्या टेकडीवर १९७९ मध्ये २ मेगावॉटची एक प्रायोगिक चक्की उभारली होती. तिची पाती खांबाच्या आडोशाच्या बाजूस होती. खांबामागच्या फाटलेल्या हवेतून पाते जाताना खर्जाचा धक्का उमटे, आणि दरीतील काही घरांत खिडक्या थरथरत. अभ्यास झाला, कारण सापडले, चक्कीचा वेग मिनिटाला ३५ फेऱ्यांवरून २३ वर आणावा लागला. पुढे मोठ्या चक्क्यांची पाती खांबापुढे, वाऱ्याच्या तोंडाशी ठेवण्याचा प्रघात पडला. चूक उपयोगी पडली, परंतु तिची किंमत त्या घरांनी आधी मोजली.

डेन्मार्कने २०१२ च्या आरंभापासून निराळा मार्ग धरला. तेथे १० ते १६० हर्ट्झपर्यंतच्या खर्जाला घराच्या आत २० डेसिबेलची मर्यादा घातली आहे, आणि ती पाळली जाईल असा हिशेब चक्की उभारण्यापूर्वी सादर करावा लागतो. शिवाय घर आणि चक्की यांत चक्कीच्या एकूण उंचीच्या चौपट अंतर राखावे लागते. डेन्मार्क हा पवनविजेला मागे खेचणारा देश नव्हे. त्या विजेत तो अग्रेसर आहे. यावरून आधी हिशेब मागणे म्हणजे विजेला विरोध करणे नव्हे, हे स्पष्ट व्हावे.

आपल्याकडे पर्यावरणीय परिणाम मूल्यमापनाच्या २००६ च्या अधिसूचनेत पवनऊर्जा प्रकल्पांचा समावेश केलेला नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१६ च्या वर्गीकरणात पवनऊर्जेस पांढऱ्या, म्हणजे सर्वांत कमी प्रदूषणाच्या, वर्गात ठेवले. धूर आणि सांडपाणी यांचा विचार करता ते रास्तही आहे. परंतु त्यामुळे जनसुनावणीचा प्रसंग येत नाही, आणि प्रश्न विचारण्याची जागा गावाजवळ एकच उरते. ती म्हणजे ग्रामसभा.

गावाने काय मागावे

पवनचक्कीसाठी जमिनीची बोलणी सुरू झाली, अथवा ग्रामपंचायतीपुढे तिचा विषय आला, की गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी लेखी मागण्यास गावास साहाय्य करावे असे मला वाटते.

१. सर्व चक्क्यांचा मिळून होणाऱ्या आवाजाचा अंदाज. तो गावठाणापुरता नसावा. चक्कीला सर्वांत जवळ असलेल्या रानातील वस्तीचाही असावा.

२. रात्रीच्या निवांत हवेचा हिशेब. त्यात माथ्यावरचा वारा प्रत्यक्ष मोजलेला असावा. जमिनीजवळच्या वाऱ्यावरून काढलेला नसावा. वाडी दरीत असल्यास तशी वाढ धरलेली असावी.

३. १० ते १६० हर्ट्झपर्यंतच्या खर्जाचा स्वतंत्र तक्ता, आणि तोही घराच्या आतला. आपल्याकडील पत्र्याचे छप्पर, मातीची भिंत व सैल दार गृहीत धरून तो काढलेला असावा.

४. चक्की सुरू झाल्यावर हिवाळ्यात एकदा व पावसाळ्यात एकदा रात्री प्रत्यक्ष मोजणी. अंदाजापेक्षा आवाज अधिक भरल्यास रात्री चक्की मंद चालविण्याचे आश्वासन करारातच असावे. आजच्या मोठ्या चक्क्यांत तशी सोय असते.

यांपैकी पहिल्या दोन गोष्टी नियमांच्या पालनासाठी लागतातच. तिसरीचे बंधन आपल्याकडे नाही. ते असावे असे माझे मत आहे. महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजेच महाऊर्जा, हिचे मुख्य कार्यालय पुण्यातच आहे व कृषी आयुक्तालयही पुण्यातच आहे. दोघांनी मिळून प्रत्येक प्रकल्पाच्या आवाजाच्या अंदाजाचा एक पानी तक्ता सोप्या मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याची व्यवस्था केली, तर ती मोठी सेवा ठरेल.

शेतकरी बंधूंनाही दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. अंतराचा नियम चक्कीला लागू होतो. आपण मागाहून चक्कीजवळ घर बांधले तर तो आपले रक्षण करीत नाही. मुले वेगळी झाली म्हणून रानात नवी वस्ती करताना चक्कीचे अंतर आधी मोजावे. दुसरे असे की, त्रास होत असेल तर नुसती तक्रार न करता वही ठेवावी. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, चुलीचा धूर उभा जातो की आडवा, मिनिटाला किती वेळा पाते खांबासमोरून जाते, आणि आवाज खोलीत कोठे अधिक लागतो, एवढ्या नोंदी पुरेत. मोबाइलवर आवाज मोजून तो पुरावा म्हणून दाखवू नये. खर्ज मोजण्यास ते साधन विश्वासार्ह नाही. महिनाभराची अशी वही जाणकाराच्या हाती पडली, तर त्यास कोणत्या रात्री, कोणत्या खोलीत यंत्र मांडावे हे नेमके कळेल.

एक आक्षेप

यावर कोणी असे म्हणेल की, गावोगाव असे हिशेब मागू लागले तर प्रकल्प रखडतील, आणि शेतीपंपास दिवसा वीज हवी असताना आपणच तिच्या आड येऊ. हा आक्षेप मी हलका लेखीत नाही. पवनविजेला कोळसा लागत नाही, ती धूर सोडीत नाही, आणि खांबाभोवतीच्या जमिनीत पीकही घेता येते. आपल्याला अशी वीज हवी आहे. परंतु हिशेब कागदावर होतो. कागदावर चक्की दोनशे मीटर सरकविण्यास एक रेघ पुरते. पाया भरल्यावर तीच चक्की कोणालाही हलविता येत नाही. उशीर हिशेबाने होत नाही, तो हिशेब न केल्याने पुढे उठणाऱ्या तक्रारींनी होतो. ज्या गावास आकडे आधी सांगितले, ते गाव पुढे सहसा अडून बसत नाही. ज्याला अंधारात ठेवले, ते प्रत्येक घरघरीत कपट ऐकते.

मागील हिवाळ्यात त्या वाडीत पुन्हा जाणे झाले. आजींना मी भिंतीपासून अंथरूण थोडे मध्ये घेण्यास सुचविले होते. त्यांनी ते केले आणि घरघर उणावल्याचे सांगितले. मला बरे वाटले, पण ते क्षणभरच. आजी म्हणाल्या, "म्हातारा गेला त्या जागंला निजत व्हते, सायेब. ती सोडली." मी निरुत्तर झालो. खांब उभारण्यापूर्वी कोणी एक पान हिशेबाचे लिहिले असते, तर कदाचित त्या खांबाची जागा बदलली असती. आजींना आपली जागा बदलावी लागली नसती.